ट्रक ड्रायव्हरचं ट्रेनिंग मोबाइलवर, मग घाट कोण शिकवणार?

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

घाटात अपघात झाला की पेपरात एक ओळ ठरलेली असते, 'ब्रेक फेल झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटले'. ही ओळ वाचली की मला राहवत नाही. ब्रेक असे बसल्या जागी फेल होत नाहीत हो, बऱ्याचदा ते उतारावर पाच-सात किलोमीटर जाळत आणलेले असतात, आणि न जाळता गाडी खाली कशी आणायची हे हल्लीच्या नव्या पोरांना कोणी शिकवतच नाही. त्यात आता हे ऑनलाइन ट्रेनिंग आलंय. त्याबद्दल लिहितोय, पत्र जरा लांबलंय, पण जमलं तर कापू नका.

मी कराडचा. आधी क्लीनर होतो, मग ड्रायव्हर, आता स्वतःच्या दोन-तीन गाड्या आहेत, साखर, सिमेंट, मशिनरी जे भाडं मिळेल ते नेतो. पुणे-बेंगलोर हायवे म्हणजे आमचं अंगणच. गेल्या काही दिवसांपासून ज्या कंपन्यांचा माल आम्ही उचलतो त्यातल्या काहींनी नवीन नियम काढलाय की प्रत्येक ड्रायव्हरने त्यांचं 'सेफ्टी ट्रेनिंग' ऑनलाइन पूर्ण केलं पाहिजे. मोबाइलवर लिंक येते, ओटीपी टाकायचा, व्हिडीओ बघायचे, खाली प्रश्न असतात त्यावर टिक करायचं, पास झालं की सर्टिफिकेटची पीडीएफ येते, आणि ती पीडीएफ दाखवल्याशिवाय गेट पास बनत नाही. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. ट्रेनिंग पाहिजेच, मी तर म्हणतो आमच्या धंद्यात आजपर्यंत ते कोणी दिलंच नाही. माझी तक्रार पुढे आहे. ही पीडीएफ मिळाली की तो पोरगा कागदावर 'प्रशिक्षित चालक' होतो, मग तो दहाचाकी भरलेली गाडी घेऊन कुठल्याही घाटात गेला तरी कोणी विचारत नाही की बाबा तू याआधी भरलेली गाडी कधी उतरवलीस का?

ऑनलाइन शिकवण्यासारखं खूप आहे हे मी आधीच मान्य करतो, नाहीतर लोक म्हणतील जुना माणूस आहे, मोबाइलवर राग आहे. रस्त्यावरच्या खुणा, कुठल्या चुकीला किती दंड, ई-वे बिलाची मुदत संपली तर काय करायचं, फास्टॅग अडकला तर कुणाला फोन करायचा, अपघातात जखमी माणसाला उचलायचं कसं, आग लागली तर फायर एक्स्टिंग्विशर कसा वापरायचा, हे सगळं व्हिडीओत छान समजतं. पोरगा घरी बसून दोनदा तीनदा बघू शकतो, वर्गात बसायला एक दिवसाचं भाडं बुडवावं लागत नाही. ब्रेकची हवा टाकीतून चाकापर्यंत कशी जाते ते हलत्या चित्रात दाखवलेलं मी स्वतः बघितलंय. आम्हाला हे समजायला मेकॅनिकच्या पायाशी बसून वर्षं घालवावी लागली, ते त्या व्हिडीओत दहा मिनिटांत होतं. ते ठेवाच. त्याला कोणी नाही म्हणत नाही.

पण प्रत्यक्षात काय होतं ते पण ऐका. पार्किंगमध्ये लोडिंगची वाट बघत पंधरा-वीस गाड्या उभ्या असतात. त्यातला एखादा दहावी-बारावी झालेला चुणचुणीत पोरगा असतो, सगळे आपापले मोबाइल त्याच्याकडे देतात, तो एका मागोमाग एक सगळ्यांची परीक्षा देऊन टाकतो, व्हिडीओ चालू करून मोबाइल डॅशबोर्डवर ठेवलेला असतो आणि ड्रायव्हर खाली चहा पीत असतो किंवा ताडपत्री बांधत असतो. त्याला तरी काय दोष द्यायचा, रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस, गेट पास अडलाय, मागून ट्रान्सपोर्टवाल्याचे फोन चालू आहेत. शिवाय प्रश्न लिहिलेले असतात हिंदीत किंवा इंग्लिशमध्ये, तेही पुस्तकी. ट्रान्सपोर्ट लायसनसाठी आठवी पासची अट होती ती केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढली, गरीब पोरांना काम मिळावं म्हणून काढली, बरं केलं, मला पटतं ते. पण मग ज्याला नीट वाचता येत नाही त्याला तुम्ही लिहिलेल्या प्रश्नांवर पास-नापास कसं करता? गाडी हातात देऊन बघितलं तर हाच माणूस कदाचित सगळ्यात चांगला निघेल.

आता घाटाचं सांगतो. साताऱ्याकडून पुण्यात येताना नवा कात्रज बोगदा संपला की उतार सुरू होतो, दरी पूल, नऱ्हे, सेल्फी पॉइंट करत थेट नवले पुलापर्यंत. बघायला गेलं तर हा घाटच वाटत नाही, रुंद सरळ रस्ता, म्हणून तर तो जास्त घातक. बोगद्यातून बाहेर पडताना नव्या पोराला वाटतं गाडी आपोआप पळतेय, चला डिझेल वाचवू, आणि तो न्यूट्रल करतो. मालकाने ॲव्हरेजवर बक्षीस लावलेलं असतं, कुठे कुठे ॲव्हरेज कमी पडलं तर पगारातून कापतात, हे पण खरं आहे आणि हे कुठल्याही व्हिडीओत येत नाही. न्यूट्रल केलं की इंजिन गाडीला धरत नाही, सगळं वजन ब्रेकवर. पोरगा पाय ठेवतो, सोडतो, ठेवतो, सोडतो. दर दाबाला टाकीतली हवा खर्च होते. लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) तापतात, ते ज्या चाकातल्या ड्रमवर घासतात तो तापून फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, मग पेडल पूर्ण खाली गेलं तरी चाक धरत नाही. आणि एखाद्याने इंजिनच बंद केलं असेल तर हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, पॉवर स्टेअरिंग बंद, मग पंचवीस-अठ्ठावीस टनाची गाडी आणि तुम्ही, मध्ये काहीच नाही.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलावर हेच झालं. एका ट्रकने ४८ गाड्यांना उडवल्याचं तेव्हा छापून आलं होतं, आणि उतारावर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं असं प्राथमिक तपासातून पोलिसांनीच सांगितलं. त्यानंतर रस्त्यावर रम्बलर (वेग कमी करायला लावणारे पट्टे) बसले, बोर्ड लागले, कॅमेरे लागले, तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात कंटेनरने परत माणसं मारली, गाडी पेटली. ४ जुलै २०२३ ला धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला मध्य प्रदेशकडून उतरून आलेला कंटेनर हायवेवरच्या गाड्यांना धडकून हॉटेलात घुसला, किमान १० माणसं गेली, तिथेही ब्रेकचंच कारण आलं. खोपोलीजवळ एक्स्प्रेसवेच्या उतारावर तर हे चालूच असतं. प्रत्येक वेळी सगळी चर्चा रस्त्यावर होते, वळण चुकलंय, उतार चुकलाय. चुकलाही असेल. पण त्याच उतारावरून रोज हजारो भरलेल्या गाड्या नीट खाली येतात, त्या कशा येतात हे त्या ड्रायव्हरांना कोणी विचारतं का?

ते कसे येतात ते सांगतो. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घेतलेला असतो, जुने ड्रायव्हर सांगायचे की घाट ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून गाडी धरणारा ब्रेक, लावलेला असतो, पाय ब्रेकवर सारखा ठेवत नाहीत, स्पीड वाढला की एकदा ठाम दाबून उतरवायचा आणि सोडायचा. डोळा हवेच्या काट्यावर. नाक लायनरच्या वासाकडे, तो जळका वास एकदा ओळखू आला की आयुष्यभर विसरत नाही, आणि कान इंजिनच्या आवाजाकडे. आता तुम्हीच सांगा, वास मोबाइलवर कसा येणार? पेडल रोजच्यापेक्षा दोन बोटं जास्त खाली जातंय हे पायाला कळावं लागतं, डोळ्याला नाही. आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात एक नवा पोरगा आला, परीक्षा मोबाइलवर स्वतः दिलेली, पूर्ण मार्क, उतारावर खालचा गिअर ठेवायचा हे त्याला पाठ होतं. मी शेजारी बसून साखरेची गाडी घेऊन बोगद्याच्या बाहेर पडलो आणि त्याला म्हटलं आता गिअर घे. गाडी आधीच वेगात होती, त्याने क्लच दाबला, वरचा गिअर निघाला आणि खालचा पडेचना, गरागरा आवाज, गाडी न्यूट्रलमध्ये सुटलेली, त्याचा चेहरा पांढरा पडला. मी ओरडलो रेस दे, रेस दे, मग ब्रेक, मग परत रेस देऊन गिअर, तेव्हा पडला. उत्तर त्याला माहीत होतंच. ते कधी करायचं, बोगद्याच्या आत असतानाच करायचं, आणि नाही जमलं तर पुढच्या चार सेकंदांत काय करायचं, हे शेजारी बसलेल्या माणसाशिवाय त्याला कोणी सांगू शकलं नसतं. पोरगा हुशार आहे, आता छान चालवतो.

खरा मुद्दा हाच आहे, शेजारच्या सीटचा. पूर्वी ड्रायव्हर होण्याचा रस्ता क्लीनरच्या सीटवरून जायचा. क्लीनर, आमच्या ट्रकवाल्यांच्या बोलीत किन्नर, शिव्या खायचा, टायर टॉमीने ठोकून बघायचा, काच पुसायचा, चढावर गाडी थांबली की चाकाला ठोकळा लावायचा, जेवण बनवायचा, आणि वर्ष-दोन वर्षं उस्तादाकडे, म्हणजे ड्रायव्हरकडे, बघत बसायचा. मग एखाद्या रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद म्हणायचा, चल बस. नवा बैल जुन्या बैलाबरोबर जुंपतात तसं ते होतं. ती पद्धत चांगलीच होती असं मी म्हणत नाही, पोरांना मारहाण व्हायची, पगाराच्या नावाने बोंब, वय कमी, लायसन नसताना गाडी चालवायला द्यायचे, उस्ताद स्वतःच चुकीचं शिकलेला असेल तर पोरगाही तेच शिकायचा, न्यूट्रलची खोड अशीच तर पिढ्यानपिढ्या आली. पण घाट, पाऊस, धुकं, रात्र, भरलेली गाडी, रिकामी गाडी, सगळं त्या सीटवर बसून बघायला मिळायचं.

आता ती सीटच रिकामी झालीय. भाड्यात परवडत नाही म्हणून मालकांनी क्लीनर काढले, मी पण काही फेऱ्यांना क्लीनर देत नाही, परवडतच नाही. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर पाहिजेत हा नियम होता, तोही २०१८ मध्ये काढला. त्याच वर्षी गाड्यांचं पासिंग, म्हणजे मालासकट परवानगीचं वजन, वाढवलं, दहाचाकी २५ टनांची होती ती २८.५ टनांची झाली. म्हणजे बघा, गाडीवरचं वजन वाढलं, केबिनमधली माणसं कमी झाली, आणि शिकवणारा गेला त्याच्या जागी आपण लिंक पाठवली. नितीन गडकरी साहेब स्वतः सांगतात की देशात २२ लाख ड्रायव्हर कमी आहेत. कमी असणारच, पोरं या धंद्यात येत नाहीत, ड्रायव्हर म्हटलं की लग्नाला पोरगी मिळत नाही ही आमच्या भागातली उघड गोष्ट आहे, त्यामुळे जो येईल त्याला लगेच स्टेअरिंगवर बसवायची घाई सगळ्यांनाच आहे, आणि घाईला ऑनलाइन सर्टिफिकेट फार सोयीचं पडतं.

कायद्यात काय आहे म्हणाल तर कायदा एवढा वाईट नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ट्रान्सपोर्ट गाडीच्या ट्रेनिंगला किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष स्टेअरिंगवर १५ तास असं लिहिलंय. हे १५ तास किती जणांना मिळतात हे आरटीओच्या बाहेर उभं राहून पोरांना विचारा. आणि मिळाले तरी कसे, तर ड्रायव्हिंग स्कूलचा जुना ट्रक, तोही रिकामा, सपाट रस्त्यावर, सकाळच्या उन्हात, केबिनमध्ये चार पोरं आणि एक जण दहा मिनिटं चालवणार. टेस्ट पण रिकाम्याच गाडीवर, सपाट जागेवर. रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक ही दोन वेगळी जनावरं आहेत हे ज्याने चालवलंय त्यालाच कळतं. रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर मागून घसरते, भरलेली थांबतच नाही. दुधाचा टँकर अर्धा भरलेला असला तर ब्रेक मारल्यावर आतलं दूध पुढे येऊन गाडीला आणखी ढकलतं, वळणावर एका बाजूला जातं आणि टँकर आडवा होतो, म्हणजे पूर्ण भरलेल्यापेक्षा अर्धा भरलेला जास्त अवघड. लांब ट्रेलर वळताना मागची चाकं आतून कापत येतात, तिथे मोटरसायकलवाला उभा असतो आणि आरशात दिसत नाही. हे १५ तासांत येत नाही, दोन तासांच्या व्हिडीओत तर कुठून येणार.

अजून एक गोष्ट जी फार लोकांना माहीत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये आणि मग नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने सांगितलं की साध्या एलएमव्ही लायसनवर, म्हणजे कारच्याच लायसनवर, ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, वेगळं ट्रान्सपोर्टचं लागत नाही. हजारो टेम्पोवाल्यांची पोटं त्यावर आहेत आणि विम्याचे पैसे अडकत होते ते सुटले, त्यामुळे निकालावर मी बोलत नाही. पण आता हे जोडून बघा. महाराष्ट्रात २०२१ पासून लर्निंग लायसनची परीक्षा आधारवर घरबसल्या देता येते, फेसलेस म्हणतात तिला. ती परीक्षा देणारा खरंच तोच आहे का याबद्दल लोकांत काय बोललं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. मग एका छोट्या कारवर टेस्ट झाली, लायसन आलं, आणि दुसऱ्या दिवशी तो पोरगा भाजीने भरलेला सात टनांचा टेम्पो घेऊन रात्री खंबाटकी चढायला कायद्याने मोकळा. त्याला ट्रकचं एक तासाचंही ट्रेनिंग कायद्याने लागत नाही. याच भागात, बोगदा संपल्यावरच्या त्या एस वळणावर, १० एप्रिल २०१८ ला मजुरांचा टेम्पो उलटून १८ माणसं गेली होती, शिरवळला कामाला चालली होती बिचारी.

सिम्युलेटरबद्दल पण लोक विचारतात. सिम्युलेटर मोबाइलपेक्षा शंभर पटीने बरा, हात-पाय तरी हलतात, गिअर कधी घ्यायचा ते कळतं, टायर फुटला तर काय होतं ते माणूस न मरता बघता येतं. केंद्राने २०२१ मध्ये मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरचे नियम आणले, त्यात सिम्युलेटर आणि स्वतःचा ट्रॅक सक्तीचा आहे, जड वाहनाला सहा आठवड्यांत ३८ तास ठेवलेत, जड वाहनाच्या सेंटरला दोन एकर जागा लागते. कागदावर हे उत्तमच आहे. पण तिथून पास झाला की आरटीओची टेस्ट माफ, म्हणजे सगळा भरवसा त्या सेंटरच्या प्रामाणिकपणावर. आणि पुण्याजवळ भोसरीला असलेल्या सीआयआरटी या रस्ते वाहतुकीच्या संस्थेसारखी चांगली सोय आमच्या खेड्यातल्या पोराला लांब पडते, सहा आठवडे घर कोण चालवणार त्याचं? म्हणून मग तो आपला लिंकवाला रस्ता धरतो.

बाहेरच्या देशात ऑनलाइनच आहे असं मला एकाने ऐकवलं. म्हणून ओळखीतला एक पोरगा कॅनडात ट्रक चालवतो त्याला विचारलं. त्यांच्याकडे ऑन्टारियो प्रांतात १ जुलै २०१७ पासून जड ट्रकच्या लायसनसाठी कमीत कमी १०३.५ तासांचं ट्रेनिंग सक्तीचं आहे. तिथल्याच सॅस्कॅचेवान प्रांतात तेव्हा सक्ती नव्हती, तिथे ६ एप्रिल २०१८ ला हॉकी खेळणाऱ्या पोरांच्या बसची आणि ट्रकची धडक होऊन १६ जण गेले, ट्रकवाला नवखा होता, दोनेक आठवड्यांच्या ट्रेनिंगवर आलेला, भारतातून गेलेलाच पोरगा. पुढच्या वर्षी त्यांनी १२१.५ तास सक्तीचे केले. अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ पासून नवीन नियम आहे, त्यात थिअरी ऑनलाइन चालते, पण स्टेअरिंगवरचं ट्रेनिंग शिकवणाऱ्याच्या समोर, खऱ्या गाडीवरच. म्हणजे त्यांनी पण ऑनलाइनला त्याची जागा ठरवून दिलीय. आपल्याकडे ती रेघच कोणी मारत नाही.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय थांबवत नाही. त्या ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये एक धडा झोपेवर आहे. पुरेशी झोप घ्या, थकल्यावर गाडी चालवू नका, चित्र पण छान आहे. आमच्या एका ड्रायव्हरने तो धडा पूर्ण केला, आणि ज्या कंपनीने तो धडा पाठवला त्याच कंपनीच्या डिस्पॅचचा फोन त्याला रात्री अडीचला आला, गाडी थांबलेली का दिसतेय जीपीएसवर, सकाळी सातला अनलोडिंग आहे, उशीर झाला तर डिटेन्शन (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) मिळणार नाही वर भाड्यातून कापणार. पोरगा उठला आणि निघाला. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा, त्यात दिवसाला ८ तास आणि ५ तास सलग काम झालं की अर्धा तास विश्रांती असं लिहिलं होतं, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. मग ट्रेनिंग कुणाला पाहिजे? ड्रायव्हरला झोपेचं महत्त्व माहीत आहे हो, त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसेल. हा धडा डिस्पॅचच्या साहेबांना द्या, आणि त्यांचीही परीक्षा घ्या. मला तर पुढचीच काळजी वाटते. उद्या अपघात झाला की कंपनी ती पीडीएफ कोर्टात ठेवणार, आम्ही ट्रेनिंग दिलं होतं, बघा याला पूर्ण मार्क होते, म्हणजे चूक याचीच. सहीसारखा टाकलेला तो ओटीपी त्या पोराच्या गळ्यात पडणार.

म्हणून आरटीओ, परिवहन आयुक्त आणि माल देणाऱ्या मोठ्या कंपन्या, तिघांनाही माझं सांगणं आहे. ऑनलाइन चालू ठेवा, पण मराठीत, आवाजात ठेवा, आणि सर्टिफिकेटवर स्पष्ट लिहा की ही फक्त माहितीची परीक्षा आहे, गाडी चालवण्याची नाही. स्टेअरिंगचे तास वेगळ्या कागदावर यावेत, त्यात भरलेल्या गाडीवर किती, घाटात किती, रात्री किती, शेजारी कोण बसलं होतं त्याचं लायसन नंबरसकट. शेजारी बसायला माणसं आहेत, एसटीतून रिटायर झालेले कितीतरी ड्रायव्हर गावोगाव घरी बसून आहेत, आयुष्यभर घाट उतरवलेले, त्यांना दिवसाचे पैसे द्या, ते आनंदाने येतील, मी दोघांशी बोललोय. हे पैसे कुठून आणायचे म्हणाल तर ज्याचा माल आहे त्याने भाड्यात टनामागे थोडे घालावेत, आणि शिकणाऱ्या पोराला त्या दिवसांचा भत्ता मिळाला पाहिजे, नाहीतर तो येणारच नाही. मालकांनी ॲव्हरेजचं बक्षीस घाटाच्या फेरीला लावू नये, मी माझ्याकडे बंद केलंय. ७५०० किलोच्या टेम्पोवाल्यांना लायसन वेगळं नको असेल तर नको, पण निदान दोन दिवस भरलेल्या गाडीवर घाटात काढल्याशिवाय मालवाहतुकीला सोडू नका.

आमच्याकडे दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू होतो. ऊस, मग साखर, मळी, बगॅस (उसाचा चोथा), सगळं रस्त्यावर येतं आणि दरवर्षी त्याच वेळी नवी पोरं गाड्यांवर चढतात. कराड आणि साताऱ्याच्या आरटीओने त्याच्या आधी एकदा कारखान्यांचे वाहतूक अधिकारी, आम्ही गाडीमालक आणि हे रिटायर ड्रायव्हर असं सगळ्यांना एका जागी बोलवावं. जागा आणि भरलेली गाडी मी देतो, डिझेल माझं.

आपला,
एक गाडीमालक, जुना ड्रायव्हर
कराड, जि. सातारा